बिनसावलीची बाग

चांदूर बाजारच्या गयासुद्दीन पेंटरांना गावातली बरीच माणसं जरा सरकलेली समजत. सत्तरी गाठलेला माणूस सकाळी सातला सायकलीच्या कॅरिअरला चित्र टेकवायचं लाकडी तिकाटणं बांधतो, हँडलला रंगांची पेटी अडकवतो आणि कुणाच्याही शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहतो, म्हटल्यावर दुसरं काय समजणार? धुऱ्यावर पाहण्यासारखं असायचं तरी काय? एखादा कडुलिंब, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, लांबवर सातपुड्याची निळसर रेघ. गयासुद्दीन दुपारपर्यंत तेच पाहत आणि कापडाच्या चौकटीवर तेलरंगांनी तेच काढत.

दोन हजार चार-पाचची ती वर्षं. तेव्हा शेतात अनोळखी माणूस दिसला की लोक दोनच गोष्टी विचारत. पेपरवाले हाओ काय? नाहीतर, कोणत्या खात्याचा सर्व्हे हाय? गयासुद्दीन सांगत, "पेंटर हाओ, बावा. चित्र काढून राहिलो."

"कायले?"

ते ब्रश जवसाच्या तेलात बुडवत आणि हसत.

त्यांची खरी उमर गेली नाटकाचे पडदे रंगवण्यात. अकोल्याच्या वऱ्हाड-विलास नाटक मंडळीत एकोणिसाव्या वर्षी ते लागले आणि मंडळी बुडाली त्या दिवशीच बाहेर पडले. मधली सव्वीस वर्षं गोदामाच्या फरशीवर वीस-वीस हात कापड अंथरून, त्यावर अनवाणी चालत, काठीला बांधलेल्या कुंच्यानं त्यांनी सरसात कालवलेले रंग ओढले. राजवाडा, जंगल, नदीकाठ, बाजाराचा रस्ता. पडदा उलगडला की तिसऱ्या रांगेतली बाई शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायची, "पाह्य वं, पाह्य." ते ऐकायला गयासुद्दीन विंगेत उभे राहत. त्यांची टाळी तेवढीच. बाकीच्या सगळ्या टाळ्या पडद्यापुढे उभ्या राहणाऱ्यांच्या.

मंडळी गेली, तशी दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी दिवस काढले. पाट्याही मशीनवर निघू लागल्या, तेव्हा अमरावतीच्या एका ड्रॉइंग मास्तरांकडून तेलरंग शिकून घेतला. बायको बिल्कीसबी गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा हसनैन सुरतेला, ईदला येणार येणार म्हणून न येणारा. घरात चित्रं साठत गेली, भिंतीकडे तोंड करून एकाला एक टेकून. ती कुणी पाहत नसे. गयासुद्दीनच्या हाताची पारख असलेलं एकच माणूस आता जगात उरलं होतं आणि ते अमरावतीत अंथरुणाला खिळलं होतं.

ते माणूस म्हणजे सुंदराबाई. मंडळीची नायिका. सव्वीस वर्षं गयासुद्दीनच्या पडद्यांपुढे उभी राहिलेली. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या राजापेठेतल्या एका खोलीत पडून होत्या. शेजारची भावना सकाळ-संध्याकाळ त्यांचं करायची. जानेवारीत तिचा किराणा दुकानावर फोन आला, "आजीनं बोलावलं," आणि गयासुद्दीन धुतलेला पायजमा घालून एसटीत बसले.

"गयासभाई," सुंदराबाई उशीवरून म्हणाल्या, "माह्यासाठी बागा किती काढल्या तुमी?"

"कोण याद ठेवते, बाई."

"मी ठेवते. एक कारंज्याची होती. अकोटच्या खेळात पदर पडद्याले घासला तं अख्खं कारंजं माह्या शालूवर आलं. पुढचा सारा अंक मी पाठ न दाखवता केला."

"सरस कमी पडला होता त्या दिवशी."

"सरस नाई, तुमचं ध्यान कमी पडलं होतं. बिल्कीस नवी नवी होती ना."

गयासुद्दीन खाली मान घालून हसले. किती दिवसांनी कुणीतरी बिल्कीसचं नाव घेऊन चेष्टा केली होती. भावनानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला तरी दोघं मंडळीच्या मोटारी, मुक्काम, उडालेले तंबू यांतच फिरत होती. मग सुंदराबाई एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "आता मले एक खरी बाग काढून द्या."

चिंचखेडची संत्र्याची बाग. त्यांचे वडील त्या बागेचे राखणदार. बागेतच कुडाची झोपडी, तिथंच सुंदराबाईंचा जन्म. पोपटांचे थवे उतरले की पोरीनं डबा बडवत ओरडायचं. तो आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. एकदा मंडळीची बैलगाडी रस्त्यानं चालली होती. मंडळीच्या मालकांनी आवाज ऐकला आणि गाडी थांबवली. बारा वर्षांची सुंदरा गाडीत बसली. बापानं मागून सांगितलं, "आता इकडे येऊ नको," आणि तिनं ते ऐकलं. आई-बाप गेल्याचं तिला गावोगावच्या मुक्कामांवर, दोन-दोन महिन्यांनी कळलं.

"तवाची झाडं तं आता नसतीन," त्या म्हणाल्या. "पण लावलीच असतीन ना कोणी नवी. विहीर असन. तुमी फक्त जा, उभे राहा अन् जे दिसन ते काढा. मले ते एकदा पाह्यचं हाय. मंग झालं."

गयासुद्दीनना हे काम कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठं वाटलं. चिंचखेड त्यांच्या घरापासून सायकलीनं तासाभरावर. दुसऱ्याच सकाळी ते तिथं पोचले, सायकल बांधाला टेकवली आणि समोर पाहत राहिले.

बाग नव्हती.

विहीर होती, विहिरीजवळचा मोठा लिंब होता, मागं सातपुडा होता. मधल्या चार एकरांत रांगेनं बुडखे होते, करवतीनं कापलेले, गुडघ्याएवढे. एक बाई सब्बल घेऊन त्यातला एक बुडखा खणत होती. मनकर्णा तिचं नाव. गावातलीच, मजुरीवर आलेली.

"बाग कुठी गेली, बाई?"

"चुलीत," मनकर्णा म्हणाली. "दोन वर्सं बोअरले पाणी नाई. मालकानं टँकर लावला, तोबी थकला. उन्हाळ्यात उभी झाडं वाळली, दिवाळीनंतर आरा फिरवला. तुमी पेपरवाले?"

"पेंटर."

"मंग तुमाले उशीर झाला, चाचा."

गयासुद्दीन लिंबाखाली बसले. सुंदराबाईंना जाऊन काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. अंथरुणावर पडलेलं माणूस. ते काही उठून इथं यायचं नाही. आणि बाग काढणं तर गयासुद्दीनच्या हातचा मळ. सुंदराबाईंसाठी इतक्या खोट्या बागा काढल्या, त्यात आणखी एक. निदान विहीर तरी खरी असेल, माती खरी असेल. असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि तिकाटण्याचे पाय मातीत रोवले.

दहा दिवस ते जात होते. माती त्यांनी पाहून काढली, काळी, भेगाळलेली, सकाळच्या उन्हात जरा जांभळट दिसणारी. विहिरीचा कठडा पाहून काढला, लिंब पाहून काढला, डोंगराची रेघ चारदा पुसून पाचव्यांदा जमवली. आणि मधल्या मोकळ्या जागेत मनातून संत्र्याची झाडं लावली. गोल, गर्द, फळांनी वाकलेली. हात आपोआप चालत होता.

दहाव्या दिवशी मनकर्णा पाणी प्यायला लिंबाखाली आली आणि चित्रापुढे थबकली.

"हे काय व्हय, चाचा?"

"संत्री."

"कुठी हायेत संत्री?"

"होती ना."

"होती तं होती. डोये तपासून घ्या एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट तपासतेत." मग ती आणखी वाकली. "अन् मी? दहा दिसांपासून तुमच्या नाकापुढे खोदून राहिली. मी कुठी हाओ याच्यात?"

"पडद्यावर माणूस काढत नाईत, बाई. माणसं पुढे येऊन उभी रायतेत. काढलेला माणूस अन् जिता माणूस जवळ जवळ आले की काढलेला मेल्यासारखा दिसते."

"पडदा व्हय काय हा?"

गयासुद्दीननी ब्रशचा रंग चिंधीला पुसला. मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं आणि ती परत सब्बलीकडे गेली.

तेलरंग वाळायला आठवडा-दोन आठवडे घेतो आणि गयासुद्दीनना तेवढा दम नव्हता. ओली चित्रं न्यायला त्यांनी खाचा पाडलेली एक लाकडी पेटी केली होती. ती उभी मांडीत धरून ते एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय?"

"बाग."

"मंग अर्धं तिकीट घ्या तिचं," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. शेजारचा माणूस टर्पेंटाइनच्या वासानं उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

सुंदराबाईंनी भावनाकडून चष्मा मागून घेतला, केस नीट करवून घेतले, पाठीशी दोन उशा लावायला सांगितल्या. जणू पडदा वर जाणार होता. गयासुद्दीननी चित्र खुर्चीवर ठेवलं आणि सवयीनं बाजूला, दाराच्या आडोशाला जाऊन उभे राहिले.

पहिल्यांदा सुंदराबाईंचा चेहरा उजळला. "विहीर तीच हाय," त्या म्हणाल्या. "कठड्याचा हा दगड तवाबी असाच बाहेर आलेला होता. माह्या पायाले लागे." गयासुद्दीनच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"सकाळचं ऊन हाय ना हे, गयासभाई?"

"व्हय. आठ-साडेआठचं."

"विहिरीची सावली डाव्या हाताले पडली. लिंबाचीबी डाव्या हाताले पडली."

"व्हय."

"मंग संत्र्याची सावली कुठी गेली?"

गयासुद्दीन आडोशातून पुढे आले. त्यांनी आपलंच चित्र पाहिलं. झाडं उभी होती, एकेक पान ओल्या रंगात चमकत होतं आणि एकाही झाडाच्या पायाशी सावली नव्हती. पडद्यावर सावली काढत नाहीत. दिवे कुठून लागतील ते पेंटराला ठाऊक नसतं. आज डावीकडून, उद्या दुसऱ्या गावात उजवीकडून. सावली काढली तर ती दिव्यांशी भांडते. एकोणिसाव्या वर्षी उस्तादांनी हातावर फटका मारून हे शिकवलं होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंच्या सावल्या ब्रशनं आपसूक टिपल्या. मनातून आणलेल्या झाडांना हातानं जुन्या रिवाजानं उभं केलं. दहा दिवसांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सुंदराबाईंच्या मात्र आलं. बिनसावलीच्या झाडांखाली त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"झाडं नाईत ना तिथी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नाईत."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. पाणी नव्हतं."

"मंग हे कायले काढलं?"

"तुमाले बरं वाटावं म्हणून, बाई."

"लोकायले बरं वाटावं म्हणून मी उभी राहिली सारी जिंदगी. मले माहीत हाय ते काय असते." त्यांनी चष्मा काढून भावनाच्या हातात दिला. "पडदा बांधून आणला माह्यासाठी. घेऊन जा." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

भावना एकदा आजीकडे, एकदा गयासुद्दीनकडे पाहत राहिली. गयासुद्दीननी चित्र पेटीत सरकवलं. परतीच्या एसटीत त्यांना खिडकीतून काय काय गेलं ते सांगता आलं नसतं.

पुढे फेब्रुवारी-मार्च सगळा त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दुपारी नमाजाला जायचे तेवढंच. भिंतीला टेकलेली सगळी चित्रं त्यांनी एकदा उलटी करून पाहिली. धुरे, लिंब, नाले, पांदणरस्ते. काही वाईट नव्हती. पण एकाही चित्रात माणूस नव्हता. प्रत्येकात खालच्या बाजूला, मधोमध, एक रिकामी जागा सोडलेली होती. इतकी वर्षं त्यांनी ती सोडली आणि तिथं कुणी येऊन उभं राहिलं नव्हतं.

त्यांचं काम पाहणारी एकच नजर होती आणि तिनं तोंड फिरवलं होतं. माफी मागायला नुसतं जाऊन चाललं नसतं. बाईंना माफी नकोच होती. त्यांनी बाग मागितली होती, जशी असेल तशी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते परत चिंचखेडला गेले. निम्म्याहून जास्त बुडखे निघाले होते. जमिनीत खड्डेच खड्डे.

"आले काय, चाचा," मनकर्णा म्हणाली. "लवकर करा. सोमवारी ट्रॅक्टर येते. मंग कायीच नाई राहत, सपाट."

गुरुवार होता. चार दिवस. वारा असा की कापड शिडासारखं फुगे, म्हणून त्यांनी तिकाटण्याला खालून धोंडा लटकवला. ओल्या रंगावर धूळ येऊन बसायची, चिलटं चिकटायची. ती चिमट्यानं काढता काढता दुपार व्हायची. पहिल्या दिवशी त्यांना बुडखे काढवेनात. हात गोलाईकडे, पानांकडे ओढ घेई. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताचं ऐकणं सोडलं आणि फक्त पाहिलं. प्रत्येक बुडख्याला आखूड, काळी सावली होती. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. खड्ड्यांच्या आतही सावली होती. विहिरीपलीकडे, झाडं असताना कधी दिसली नसती अशा जागी, दगडांचा एक ढीग पडला होता. त्यांनी तोही काढला, जसा दिसला तसा. तीन मोठे, मधला काळपट.

शनिवारी ते मनकर्णाला म्हणाले, "आज तुमालेच काढतो. खोदत राहा तशाच."

"पगार वाढवून देता काय?"

"नाई."

"मंग गोरी तरी करा."

ते फार अवघड गेलं. आयुष्यात माणूस काढला नव्हता. सब्बल उचललेले हात तीनदा खरवडून काढले. पाठीचा बाक काही केल्या जमेना, तेव्हा ते उठून तिच्याजवळ गेले, तिची सब्बल मागून घेतली आणि स्वतः चार घाव घातले. बाक कुठून येतो ते कळलं. मनकर्णा कमरेवर हात ठेवून पाहत होती. "हे बरं हाय," ती म्हणाली. "रोज येत जा."

रविवारी संध्याकाळी तिनं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही मी व्हय? एवढीशी?"

"दूर हाओ ना तुमी."

"लुगडं बरोबर हाय," एवढंच ती म्हणाली. मग सब्बल खांद्यावर टाकून गावाकडे चालू लागली. उरलेले बुडखे ट्रॅक्टर ओढणार होता, तिचं काम संपलं होतं. उद्यापासून ती दुसऱ्या शेतात जाणार होती. कुठल्या ते गयासुद्दीननी विचारलं नाही, आणि ती धुऱ्याआड गेल्यावर आपण विचारायला हवं होतं असं त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी ते अमरावतीला गेले. सुंदराबाईंनी "बसा" म्हटलं नाही. चष्मा मात्र स्वतःच उशाखालून काढून लावला. गयासुद्दीननी चित्र खुर्चीवर ठेवलं. या वेळी ते आडोशाला गेले नाहीत, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

बाहेर रिक्षा येत-जात होत्या. भावनानं नळ बंद केला.

"ही कोण?" सुंदराबाईंनी विचारलं.

"मनकर्णा. बुडखे खोदे."

"भाकर कुठी खाते?"

"लिंबाखाली."

"हं. सावली तिथीच असे." त्यांचं बोट हवेत, चित्रापासून वीतभर अंतरावर, रांगेरांगेनं फिरत होतं. ते बोट विहिरीवरून पलीकडे गेलं आणि थांबलं. "हे दगड?"

"तिथी होते. कशाचे ते मले माहीत नाई."

"मधातला काळा हाय."

"काळा दिसला म्हणून काळा काढला."

"आमची चूल बाहेर असे," सुंदराबाई म्हणाल्या. "तीन धोंड्यांची. झोपडी विहिरीच्या मांगंच होती."

हो म्हणणं सोपं होतं. आणि ते म्हटलं असतं तर बाईंना बरंही वाटलं असतं.

"पाण्याच्या मोटारीच्या खोलीचेबी असतीन, बाई," ते म्हणाले. "पक्कं नाई सांगत मी."

"असतीन," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण जागा तीच हाय." त्यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "आता सावल्या बरोबर पडल्या, गयासभाई."

या वाक्यासाठी ते चार दिवस उन्हात उभे होते. ते मिळालं.

"भावना," सुंदराबाई म्हणाल्या, "पलंग फिरव. तोंड इकडे कर, चित्राकडे."

"मंग दार पाठीमागे जाईल, आजी. येणारं माणूस दिसणार नाही तुम्हाला."

"आता कोण येते?"

भावनानं चटकन गयासुद्दीनकडे पाहिलं. ते पायथ्याशी उभेच होते. त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. वाकून पलंगाची एक बाजू धरली. भावनानं दुसरी धरली. पलंग जड होता, लोखंडी. कंबरेला हिसका बसू नये म्हणून दोघांनी तो बोट-बोट सरकवत फिरवला. खिळा ठोकून चित्र समोरच्या भिंतीवर, बाईंच्या नजरेच्या उंचीला लावलं. कडेचा रंग ओला होता, तो गयासुद्दीनच्या बोटांना लागला.

सुंदराबाई चित्रात पाहत होत्या आणि हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होत्या. त्यात "बा" असा शब्द दोनदा आला. बाकीचं ऐकू येण्यासारखं नव्हतं. गयासुद्दीननी रिकामी पेटी उचलली.

"येतो, बाई."

"या," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तरी पाठीमागचं दार दिसलं नसतं.